आधी लाइन तपासायची

ऑपरेटरांच्या कौलावर चढायचं तर आधी परमिट घ्यावं लागायचं. परमिट म्हणजे वहीचं एक पान. त्यावर ते लिहायचे, की अमुक वाजता लाइन बंद केली, मेनचा फ्यूज काढला, माणूस वर चढतो आहे. खाली माझी सही. शाळा चौथीत सुटली तरी सही मी झोकात करतो. मग ते स्विचबोर्डावर पुठ्ठ्याची पाटी अडकवायचे, 'माणसे काम करीत आहेत', आणि फ्यूज सदऱ्याच्या खिशात टाकून अंगणात उभे राहायचे. मी खाली उतरून दुसरी सही करीपर्यंत फ्यूज बाहेर येत नसे.

आतून वहिनी ओरडायच्या, "अहो, डिशला कसली आलीय वीज! माझं वाटण मिक्सरमध्ये अर्धं राहिलंय."

"वाटण अर्धं राहिलंय, समजलं," ऑपरेटर म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

डिश फिरवायची तर खाली टीव्ही चालू लागतो, नाहीतर सिग्नल आला की गेला कळणार कसं? हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचार केला आणि ते परमिट रद्द करून दुसरं लिहिलं, 'चालू लाइनीवर काम'. त्या परमिटाबरोबर रबरी हातमोजे मिळायचे. कोपरापर्यंतचे. ते घालून नट पिळता येत नाही. मी ते वर गेल्यावर काढून कौलात खोचायचो आणि उतरताना परत घालायचो. त्यांना ते माहीत असणार. पण घातलेले दिसले की त्यांना बरं वाटायचं.

ते आता नाहीत. माणूस विक्षिप्त होता असं वाडीत सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण मी जे सांगणार आहे ते वाडीतल्या कुणाला ठाऊक नाही.

पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. ते वीजघर डोंगराच्या पोटात आहे. बाहेर ऊन आहे की पाऊस, दिवस आहे की रात्र, ते पाळी संपवून बोगद्यातून वर आल्यावर कळायचं. म्हणून की काय, रिटायर होऊन आमच्या वाडीत आल्यावर, पालीपासून पाऊण तासाच्या चालीवर आमची वाडी, सर आली की पडवीच्या कडेला येऊन हात बाहेर काढायचे. हात भिजला की आत जायचे. खात्री झाली.

तिथं फोनवर हुकूम आला की तो उलट म्हणून दाखवायचा नियम. ऐकण्यात चूक झाली तर माणूस मरतो. ती सवय इथंही. वहिनी म्हणाल्या, बाजारातून बांगडे आणा, लहान नकोत, तर दारात उभे राहून, "बांगडे. लहान नकोत. समजलं." सकाळी आठला आणि दुपारी चारला वहिनींना चार्ज द्यायचे. म्हणजे खुर्चीतून उठायचं आणि सांगायचं, टाकी अर्धी आहे, मांजर ओट्यावर आहे, कुंपणाच्या गडग्याकडच्या कलमावर माकडं दोनदा आली, काही विशेष नाही. वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या. वर न बघता म्हणायच्या, "घेतला हो चार्ज. जा आता आंघोळीला."

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. फोरमन म्हणायचे. मी कौलं शाकारणारा माणूस. उतरत्या छपरावर पाय कुठं टाकला की कौल फुटत नाही, हे मला लहानपणापासून येतं. डिश आल्या तेव्हा पालीच्या डिशवाल्याची माणसं चढायची आणि पाच-पाच कौलं फोडून यायची. मग त्यानं मला धरला. मी सहा महिन्यांत त्याच्यापेक्षा बरं काम करायला लागलो. होकायंत्र न लावता आग्नेयेला तोंड करून डिश धरायचो आणि खालून आवाज यायचा, आली, आली! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. जे आहे ते आहे. तरी लोक मला डिशवाला म्हातारा म्हणायचे. फोरमन म्हणणारा एकच माणूस.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. पंखा बंद पडू दे, पंप बंद पडू दे, वहिनींची शेगडी पेटेना होऊ दे, ते बोट वर करून म्हणायचे, "आधी लाइन तपासायची, मग लोड." म्हणजे वीज जिथून येते ती वाट आधी बघायची. वाट चांगली निघाली तरच ज्याला वीज पोचते त्या यंत्राला हात लावायचा. यंत्र उघडायची घाई करणारा माणूस त्यांना आवडत नसे. त्या वाक्यात चूक काही नाही. आजही मी तसंच करतो.

शिमगा झाला आणि पालखी देवळात गेली त्याच आठवड्यात वहिनी म्हणाल्या, टीव्हीच्या चित्रावर काळे ठिपके येतात. डास फिरल्यासारखे. कधी अर्धं चित्र धुरकट होतं.

ऑपरेटर उठून बघायला गेले. ठिपके नव्हते. मला बोलावणं आलं. मी बघितलं, नव्हते.

"आता नाहीत," वहिनी म्हणाल्या, "मघाशी होते."

"क्षणिक फॉल्ट," ऑपरेटर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हा सगळ्यात वाईट, फोरमन. येतो आणि जातो. बघायला उठावं तर नसतो."

त्या दिवसापासून वही सुरू झाली. बॉक्सच्या रिमोटवर एक पान उघडतं, त्यात सिग्नल किती आणि त्याची प्रत किती ते दोन आकडे दिसतात. सकाळी सहापासून दर तासाला ते आकडे वहीत. शेजारी तिसरा रकाना, ठिपके. तो वहिनींना विचारून भरायचा.

"ठिपके?"

"आहेत."

"किती?"

"आता डास मोजत बसू काय हो मी?"

"मोजता येत नाहीत, समजलं." आणि ते तसं लिहायचे.

आता डिशचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. कंपनी खालून चित्र वर पाठवते, वर एक उपग्रह आहे तो आपल्या हिशोबानं एका जागी थांबलेला, तो ते खाली सगळ्या मुलखावर सोडतो. डिश ते गोळा करते आणि बॉक्स त्याचं चित्र करतो. बॉक्समध्ये कार्ड असतं. तुम्ही ज्या चॅनेलचे पैसे भरले तेवढेच ते कार्ड उघडतं. बाकीचे तुमच्या कौलावर येऊन पडत असतात, पण बंद. आणि या चित्राची एक रीत आहे. ते येतं तर पुरतं येतं. सिग्नल कमी पडला तर चौकोन चौकोन होतात, चित्र गोठतं, नाहीतर निळा पडदा येऊन बॉक्स सांगतो सिग्नल नाही. डिशचं चित्र धुरकट होत नाही. त्यावर डास फिरत नाहीत.

हे मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं.

मी बोललो नाही. का नाही बोललो, तर बोलायचं म्हणजे दुसरं काय बोलायचं? डिश चांगली आहे म्हणजे तुमच्या बायकोचे डोळे गेले, असं? त्यांच्या पडवीत बसून, त्यांचा चहा पिऊन? मी डिश इकडची तिकडे केली, खालचं बुड घट्ट केलं आणि म्हटलं, आता बघा. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा ठिपके.

एचडीचं त्यांनीच काढलं. पेपरात वाचलं. एचडी म्हणजे त्याच चित्रात ठिपके जास्त, बारीक विणलेल्या कापडासारखे, म्हणून चित्र स्वच्छ. त्याला वाटेत जागाही जास्त लागते. म्हणून कंपनी एचडीचा एक चॅनेल दोन चॅनेलांच्या जागी धरते, आणि त्याचा दर वेगळा. साध्या बॉक्समध्ये ते चालत नाही, बॉक्सही एचडीचा लागतो. आणि एक खोच आहे, जी लोकांना कळत नाही. एचडीचा घेतला म्हणून साधा आपोआप बंद होत नाही. तोही राहिला तर एकाच मालिकेचे दोनदा पैसे. ऑपरेटरांनी तीन दिवस बसून यादी केली. वहिनींच्या दोन मालिकांचे चॅनेल आणि बातम्यांचा एक एवढे एचडी. त्यांचे साधे जोडीदार बंद. आणि स्वतःचे खेळाचे सगळे चॅनेल बंद. क्रिकेटसाठी हा माणूस पोफळीला पाळी बदलून घ्यायचा, असं वहिनी सांगायच्या.

"हिला स्वच्छ दिसलं पाहिजे," ते मला म्हणाले. "एचडी लागल्यावरही दिसलं नाही तर मग..." आणि थांबले. मग काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आंब्याच्या शेवटच्या पेट्या निघाल्या तेव्हा बॉक्स आला. टीव्ही आधीचाच, मुलीनं मुंबईहून पाठवलेला, भिंतीवरचा पातळ. बॉक्सच्या खोक्यात थर्माकोलखाली एक जाड काळी वायर होती, चपट्या तोंडाची. मी असल्या वायरीला तोवर हात लावला नव्हता. शंभर घरांत मी लाल-पांढरी-पिवळी लावलेली. तीच लावली. काळी परत खोक्यात टाकली.

"ही?" ऑपरेटरांनी विचारलं.

"ती दुसऱ्या टीव्हीसाठी," मी म्हटलं. ठाऊक नव्हतं, पण म्हटलं.

त्यांनी ती खोक्यातून काढून उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "माल दुप्पट येतोय, फोरमन. मग बॉक्सपासून टीव्हीपर्यंत वायर तीच कशी चालेल?"

मला राग आला. माझ्या कामात कुणी बोट घातलेलं मला खपत नाही. "पोफळीचं तुम्हाला कळतं, ऑपरेटर. डिशचं मला कळतं."

"डिशचं तुम्हाला कळतं, समजलं," ते म्हणाले.

टीव्ही लावला. चॅनेलच्या नंबराशेजारी एचडी अशी अक्षरं आली. तेवढी इंग्रजी अक्षरं मी ओळखतो. मी बोट लावून दाखवली. "बघा वहिनी! आता माणसाच्या नाकावरचा घाम दिसतो की नाय?"

"दिसतो हो भावजी," त्या म्हणाल्या. फार लगेच म्हणाल्या.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने डिशवाल्याची परीक्षा. सर जोरात आली की वरून येणारं वाटेतच पाण्यात विरतं. निळा पडदा. ऑपरेटर खुर्चीत ताठ बसायचे, वही मांडीवर, पेन्सिल हातात, आणि त्या निळ्या पडद्याकडे अशा नजरेनं बघायचे जसं कुणी आजारी माणसाच्या छातीकडे बघत बसतं, वर होते की नाही. सर थांबली, चित्र आलं की लगेच, "ठिपके?" वहिनी कधी आहेत म्हणायच्या, कधी नाहीत. मला पुढे पुढे कळायला लागलं, की त्या त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. ते फार दमलेले दिसले की नाहीत.

पावसाच्या नावावर सगळं खपत होतं. आज धुरकट आहे, पाऊस आहे. काल ठिपके होते, वारा होता. मी आठवड्यातून दोनदा जायचो. चिऱ्याच्या पाखाडीच्या पायऱ्या मुद्दाम हळू चढायचो. काम येत नाही म्हणून नव्हे. आज दारात गेल्यावर वहिनी कशा दिसतील म्हणून.

मुलीचा फोन यायचा. ऑपरेटर फोन मोठ्या आवाजात ठेवायचे, वीजघरात ठेवायचे तसा.

"बाबा, आईला रत्नागिरीला नेऊन डोळे दाखवा. तिला साखर आहे."

"लाइन तपासतोय."

"कसली लाइन हो बाबा?"

"आधी लाइन. ती ओके झाली की लगेच."

"लगेच म्हणजे कधी?"

"पाऊस सरला की. समजलं."

समजलं हे ते स्वतःलाच म्हणाले. मुलगी तसं काही बोलली नव्हती.

श्रावणात एकदा वहिनींनी मला चहा आणून दिला. बशीत कप मध्ये नव्हता, कडेला होता, कललेला. आणि चहा ओतताना बाहेर गेलेला, बशी भरलेली. त्या हसत म्हणाल्या, "भावजी, बशीतूनच प्या, निवलेला आहे." मी बशीतूनच प्यायलो. त्यांनी भांडं ठेवायला हात लांब केला तो टेबलाच्या अलीकडेच थांबला, चाचपला आणि मग टेबल सापडलं. ऑपरेटर वहीत आकडे लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण पेन्सिल थांबली होती.

त्या दिवशी मी धीर केला. वहिनी आत गेल्यावर हळू आवाजात म्हटलं, "ऑपरेटर, डिशचा दोष असा नसतो. डिशचं चित्र तुटतं. त्यावर डास येत नाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं यंत्रांच्या आवाजात बसलेला माणूस, कशाला दचकायचा नाही. त्यांच्या ओठांचा रंग गेला. "शंभर टक्के सांगता, फोरमन?"

मी शंभर टक्के सांगू शकत होतो. माझ्या तोंडात आलं होतं. त्यांचा तो चेहरा बघितला आणि मी म्हटलं, "शंभर टक्के कसं सांगणार. पावसाचं काय खरं. पाऊस जाऊ दे."

"पाऊस जाऊ दे. समजलं," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी स्वतः मला आणखी चहा ओतून दिला. मी तो प्यायलो.

नवरात्रात मी पालीच्या बाजारात गेलो होतो. टीव्हीच्या दुकानात तोच चॅनेल लागलेला, वहिनींची तीच संध्याकाळची मालिका, दुपारी परत दाखवतात ती. मी रस्त्यात उभा राहिलो. त्या बाईच्या गळ्यातल्या पोतीचा एकेक मणी वेगळा दिसत होता. भुवईचा एकेक केस. असं चित्र मी ऑपरेटरांच्या भिंतीवर एकदाही बघितलं नव्हतं.

आत दुकानदाराची बायको होती. तिला म्हटलं, एचडी मीही बसवलंय एका घरात, पण हे असं दिसत नाय.

"वायर कुठली लावलीत, आजोबा?" तिनं टीव्ही थोडा वळवून मागची बाजू दाखवली. चपट्या तोंडाची जाड काळी वायर. "ही नाय लावली तर बॉक्स एचडीचा असून चित्र साधंच येतं. पैसे मात्र एचडीचे."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं आणि बाहेर आलो.

एसटीत बसायला जागा होती, तरी मी उभा राहिलो. शिमग्यापासून दसऱ्यापर्यंत. त्यातले जवळजवळ पाच महिने माझे. चित्र खरंच साधं होतं, म्हणून तो माणूस म्हणत राहिला की लाइन अजून ओके नाही. लाइन ओके असती तर आंबे संपता संपताच त्यांना कळलं असतं की फॉल्ट कुठं आहे. दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. कंबर धरलीय असं सांगितलं. वायर गुपचूप बदलता येईल का, कंपनीनं काहीतरी सुधारणा केली असं सांगता येईल का, हेच डोक्यात. मी असा माणूस आहे. लपवून काय उपयोग.

तिसऱ्या दिवशी गेलो. "ऑपरेटर, खोक्यातली ती वायर द्या जरा."

कुठली, म्हणून त्यांनी विचारलं नाही. उठले, कपाट उघडलं, वरच्याच कप्प्यातून वायर काढली. नीट वेटोळं करून दोऱ्यानं बांधलेली. त्या दिवशी परमिटही लिहिलं नाही.

चपटं तोंड लावायला क्षणसुद्धा लागत नाही. टीव्हीच्या रिमोटवर नव्या वायरीची जागा निवडली आणि चित्र उघडलं. खिडकीची काच पुसून टाकावी तसं. पडद्यावरच्या बाईच्या नाकातल्या नथीचे मोती मी दरवाज्यातून मोजले असते.

ऑपरेटरांनी वहिनींचा हात धरून त्यांना समोर खुर्चीत बसवलं. स्वतः मागे उभे राहिले.

"आता?"

"स्वच्छ आहे हो," वहिनी म्हणाल्या. "छान दिसतंय. भावजी, बरं झालं बाई."

"तिच्या साडीचे काठ कसले आहेत?"

वहिनी थांबल्या. थोड्या पुढे वाकल्या. "हिरवे."

पडद्यावर तेव्हा ती बाई नव्हतीच. जाहिरात लागली होती. लाल रंगाची मोटार डोंगरातून चालली होती.

मी खाली बघत राहिलो. ऑपरेटरांनी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि रिमोट टेबलावर अगदी सरळ ठेवला. मग म्हणाले, "लाइन ओके." मग वहिनींकडे वळले. "उद्या रत्नागिरी."

रत्नागिरीला मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं आणि मग आत घेतलं. साखरेनं डोळ्याच्या मागच्या बाजूच्या नसा फुटल्या होत्या, आत रक्त उतरलं होतं. डास फिरतात ते तेच. डाव्या डोळ्याचं फारसं काही व्हायचं नाही, ते म्हणाले. उजवा वाचवता येईल. डोळ्यात सुई द्यावी लागेल, बहुतेक तीन वेळा, मग लेसर. पहिली सुई गुरुवारी.

"केव्हापासून होतंय हे?"

ऑपरेटरांनी पिशवीतून वही काढली आणि पहिलं पान उघडून डॉक्टरांपुढे ठेवलं. तारीख, वेळ, सिग्नल, प्रत, ठिपके. डॉक्टरांनी दोन-चार पानं उलटली. त्यांना ते काय आहे ते समजायला वेळ लागला. मग म्हणाले, "एवढं लिहून ठेवलंत. तेव्हाच का नाही आणलंत?"

ऑपरेटरांनी वही मिटून पिशवीत ठेवली. येताना एसटीत वहिनी खिडकीशी बसल्या, ऑपरेटर त्यांच्या शेजारी. मी मागच्या बाकावर.

मंगळवारी मी त्यांच्या पडवीत गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वायर चुकीची मी लावली. काळी वायर कशाची ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. तुम्ही विचारलंत तर तुम्हाला गप्प केलं. आणि डिशचे ठिपके नसतात हेही मला ठाऊक होतं. आता मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझ्या आयुष्यात मी कुणापुढे एवढं बोललेलो नाही. वाटलं होतं, बोलतील, हाकलून देतील. हाकलून द्यावं असंही वाटत होतं.

ते बाकावर सरकले, म्हणून मी बसलो.

"खोक्यात पुस्तिका होती," ते म्हणाले. "तिच्यात चित्र होतं. काळी वायर कुठून कुठं लावायची त्याचं. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी मी ते बघितलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मग बोललात का नाय?"

"बोललो असतो तर तुम्ही दुसऱ्या दिवशी वायर लावली असती."

"हो."

"मग लाइन ओके झाली असती." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "मग लोड तपासावा लागला असता, फोरमन. माझ्याच्यानं ते होईना."

मी खोटं सांगत नाही. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. अर्धं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं म्हणून. आणि त्याच्या पाठोपाठ असं काही वाटलं, की मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. दोन म्हातारे. सगळं ठाऊक असलेले. मधे ती बाई टेबल चाचपत होती.

मागून आवाज आला, "झालं तुमचं दोघांचं?"

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. आम्ही शाळेतल्या मुलांसारखे ताठ झालो.

"शहाणे आहात मेल्यांनो. वायर म्हणे. मला थंडीपासूनच डाव्या डोळ्यानं यांचं तोंड दिसत नव्हतं. नाक असायचं तिथं धूर. टीव्हीवर ठिपके, हे मीच काढलं. डोळ्यात म्हटलं असतं तर हे त्याच दिवशी घेऊन गेले असते. माझ्या आत्याच्या डोळ्यात सुई घातली होती, लहानपणी मी बघितलंय. तर मी म्हटलं टीव्हीत. म्हटलं, बसतील डिश फिरवत."

ऑपरेटर म्हणाले, "अगो..." आणि तिथंच राहिले.

"अगो नाय न् काय नाय. आता ऐका. परवा गुरुवार. मला भीती वाटते. आज सांगून ठेवते, मागाहून म्हणू नका सांगितलं नाही म्हणून."

इतक्या महिन्यांत त्या घरात भीती हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. ऑपरेटरांनी मान खाली घातली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मलाही वाटते."

"मग तसं बोलायचं," वहिनी म्हणाल्या. "सरका जरा."

आम्ही दोघं दोन बाजूंना सरकलो. त्यांनी हातानं बाक शोधला आणि मध्ये बसल्या.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीला आम्ही तिघं पालीच्या स्टॉपवर होतो. दवाखान्यात नर्सनं विचारलं, बाईंबरोबर आत कोण येणार, एकालाच सोडते. ऑपरेटर उठले. उठून ते बाकाला धरूनच थांबले, ते मला दिसत होतं. वहिनींना दिसत नसणार, पण त्यांनी ऑपरेटरांचा दंड धरला तो आधार घ्यायला नव्हे, द्यायला. दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो, आणि ते दार उघडेपर्यंत माझी नजर दुसरीकडे गेली नाही.